सगळ्यांत मागून येणाऱ्या लहरी

हजारो किलोमीटर दूर झालेल्या एखाद्या मोठ्या भूकंपाचा आलेख समोर घ्या. सुरुवातीला जवळजवळ सरळ रेघ. मग एकदम बारीक थरथर सुरू होते: ही प्राथमिक लहर, म्हणजे पी. काही मिनिटांनी जरा मोठा हेलकावा येतो: दुय्यम, म्हणजे एस. त्यानंतर, आता सगळं ओसरलं असं वाटत असतानाच, रेघ संथपणे वर-खाली डोलायला लागते. आधी लांब लांब, सावकाश लाटा. मग त्या दाटत जातात, उंच होत जातात आणि भूकंप मोठा असेल तर तास-दीड तास रेघ पुन्हा सरळ होत नाही. आलेखातला सगळ्यांत ठळक भाग हाच. या भूपृष्ठ लहरी.

शाळेत त्यांच्याबद्दल एक-दोन ओळी असतात: या लहरी सर्वांत हळू जातात आणि जास्त नुकसान करतात. त्या ओळींत त्यांचं खरं मोल येत नाही. आपल्या पायाखालच्या पहिल्या तीन-चारशे किलोमीटरबद्दल आज जे माहीत आहे, त्यातला फार मोठा वाटा या लहरींनी दिलेला आहे. आणि त्यांना ते जमतं ते आलेखात उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या एका क्रमामुळे: आधी लांब लाटा, मग आखूड. हा क्रम नीट समजला की बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

थेट खणून पाहण्याची मर्यादा किती आहे हे आधी बघू. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली सुरू झालेलं खोदकाम १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं. खंडांखालचं भूकवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं, त्याखालचं प्रावरण सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे वीसेक वर्षांच्या मेहनतीनंतर भूकवचाचाही जेमतेम तिसरा हिस्सा पार झाला. त्याहून खालचं जे काही कळायचं, ते लहरींकडूनच.

मग पी आणि एस लहरी का पुरत नाहीत? त्या पृथ्वीच्या पोटातून जातात. खोल प्रावरण आणि गाभा यांची ओळख आपल्याला त्यांनीच करून दिली. पण दूरच्या भूकंपाची पी लहर भूकंपमापक यंत्रापाशी येते तेव्हा ती जवळपास सरळ खालून वर येत असते. वरचे शे-दोनशे किलोमीटर ती काही सेकंदांत ओलांडते, आणि त्यातला कोणता थर जलद, कोणता मंद, हे त्या एका आकड्यातून सुटं करता येत नाही. भूपृष्ठ लहर सगळा प्रवासच या वरच्या थरांतून आडवा करते. वाटेत समुद्र असो, वाळवंट असो, जिथे एकही यंत्र बसवलेलं नाही असा मुलूख असो, तिच्या चालीवर त्या सगळ्याचा ठसा उमटतो.

शिवाय ती लवकर विझत नाही. पी आणि एस लहरींची ऊर्जा पृथ्वीच्या घनफळात, सगळ्या दिशांना पसरते. भूपृष्ठ लहरीची फक्त पृष्ठभागालगत पसरते, म्हणून अंतरागणिक ती कमी वेगाने क्षीण होते. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपाच्या भूपृष्ठ लहरींनी पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घातल्या. एका प्रदक्षिणेला साधारण तीन तास लागतात. एकच लहर यंत्रावर आधी जवळच्या वाटेने येते, मग उलट बाजूने वळसा घालून येते, मग पूर्ण फेरा करून पुन्हा येते, आणि प्रत्येक खेपेला वेगळ्या वाटेची माहिती आणते.

या लहरी दोन जातींच्या. पहिल्या जातीचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली मांडलं. तोवर दूर देशीच्या भूकंपाची नोंद कुठल्याच यंत्रावर झालेली नव्हती. तशी पहिली ओळखलेली नोंद १८८९ ची: जपानमधला भूकंप, जर्मनीत पॉट्सडॅमला उमटलेला. निव्वळ कागदावरच्या समीकरणांतून रॅले यांनी दाखवलं की घन पदार्थाच्या मोकळ्या पृष्ठभागालगत एक वेगळीच लहर धावू शकते, आणि भूकंपांत तिचा मोठा वाटा असू शकेल असंही त्यांनी तेव्हाच सुचवलं. रॅले लहरीत जमिनीचा प्रत्येक कण उभ्या लंबवर्तुळात फिरतो. वरच्या टोकाला असताना तो लहरीच्या दिशेच्या उलट, मागे जात असतो.

दुसरी जात म्हणजे लव्ह लहरी. आलेखांवर जमीन आडवी, लहरीच्या वाटेला काटकोनात, जोरात हलल्याचं दिसत होतं आणि रॅले यांच्या गणितात या हालचालीला जागाच नव्हती. ए. ई. एच. लव्ह यांनी १९११ मध्ये याचं कारण दिलं. खाली जलद खडक आणि वर मंद खडकाचा थर असेल, तर आडवी हलणारी लहर त्या वरच्या थरात अडकून पडते आणि त्यातूनच लांबवर जाते. मला हा निष्कर्ष फार सुंदर वाटतो. कारण पृथ्वी वरपासून खालपर्यंत एकसारखी असती, तर लव्ह लहरी निर्माणच झाल्या नसत्या. त्या यंत्रावर उमटतात, एवढ्यावरूनच खाली थर आहेत हे सिद्ध होतं.

आता तो क्रम. भूपृष्ठ लहरीची हालचाल पृष्ठभागावर सर्वांत जास्त असते आणि खोल जावं तशी मंदावते. किती खोलवर मंदावते, हे लहरीच्या लांबीवर ठरतं. रॅले लहरीसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: तरंगलांबीच्या साधारण एक तृतीयांश खोलीवरच्या खडकांचा तिच्या वेगावर सर्वांत जास्त परिणाम होतो. ज्या लहरीचं एक आवर्तन १० सेकंदांत पूर्ण होतं, ती सुमारे ३० किलोमीटर लांब असते. तिचा वेग मुख्यतः दहाएक किलोमीटर खोलीच्या आसपासचे खडक ठरवतात. १०० सेकंदांच्या लहरीची लांबी ४०० किलोमीटरच्या घरात जाते. तिला सव्वाशे-दीडशे किलोमीटर खालचं प्रावरण जाणवतं. निरनिराळ्या लांबीचे गज जमिनीत खुपसून कुठे काय लागतं ते पाहावं, तसं हे आहे. फक्त हे सगळे गज भूकंप एकदमच देतो.

खाली जावं तसा खडक सहसा अधिक ताठ होत जातो, त्यामुळे लहरींचा वेग वाढतो. एस लहरीचा वेग भूकवचात सेकंदाला साडेतीन-पावणेचार किलोमीटर असतो, तर मोहो सीमा ओलांडून प्रावरणात शिरताच साडेचारच्या आसपास. (मोहो म्हणजे भूकवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा. क्रोएशियाचे आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून ती शोधली.) लांब लहरी खालच्या जलद खडकांचा फायदा घेतात आणि पुढे निघून जातात, आखूड लहरी वरच्या मंद थरांत रेंगाळतात. भूकंपाच्या जागी सगळ्या एकत्र निघालेल्या, पण जितकं अंतर जास्त तितकी त्यांच्यात फारकत. याला अपस्करण म्हणतात, आणि भूपृष्ठ लहरींचा सगळा अभ्यास या अपस्करणावर उभा आहे.

प्रत्यक्ष मोजमाप कसं होतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, भूकंप आणि यंत्र यांच्यात ३,००० किलोमीटर अंतर आहे आणि मधली वाट पूर्ण खंडावरून जाते. संगणकाला सांगायचं की नोंदीतून फक्त ५० सेकंदांच्या आसपासची लहर गाळून दे. बाकी सगळं बाजूला पडतं आणि एक फुगीर लाट उरते. तिचा फुगवटा भूकंपानंतर ८०० सेकंदांनी आला, तर वेग झाला सेकंदाला ३.७५ किलोमीटर. आता गाळणी २० सेकंदांवर आणायची. फुगवटा १,००० सेकंदांवर दिसतो: वेग ३. याच पद्धतीने १० सेकंदांपासून १०० सेकंदांपर्यंत, किंवा त्याही पुढे, एकेक आवर्तकाल घेत गेलं की वेगांची एक वक्ररेषा तयार होते. या वेगाला गट वेग म्हणतात, कारण तो लहरींच्या पूर्ण झुबक्याचा असतो. हेच ३,००० किलोमीटर महासागराखालून असते, तर २५-३० सेकंदांचीच लहर सेकंदाला चार किलोमीटरच्या जवळपास धावली असती. महासागराखालचं भूकवच अवघं सातेक किलोमीटर जाड असतं, त्यामुळे तेवढ्या लांबीच्या लहरीला प्रावरणाचा आधार लगेच मिळतो.

आकडे तोंडी लावण्यापुरतेच घेतले आहेत, पण खंड आणि महासागर यांच्यातला फरक खरोखर एवढा ठळक आहे. म्हणूनच १९२० च्या दशकात, यंत्रं थोडी आणि ओबडधोबड असतानाही, बेनो गुटेनबर्ग आणि त्यांच्या समकालीनांना तो दिसला. खंड आणि सागरतळ म्हणजे एकाच भूकवचाचा उंच आणि सखल भाग नव्हे. त्यांची घडणच वेगळी आहे, हा विचार तिथून बळावला.

गट वेगापेक्षा अचूक मोजमाप म्हणजे कला वेग: लहरीचा एकच शिखरबिंदू धरून तो किती वेगाने पुढे सरकतो ते पाहायचं. त्यासाठी एकाच वाटेवरची दोन यंत्रं घेतात. भूकंपाच्या जागी नेमकं काय घडलं ही अनिश्चितता दोन्ही नोंदींत सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते आणि उरतो तो दोन यंत्रांमधल्या जमिनीचा परिणाम. फ्रँक प्रेस यांनी १९५६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या यंत्रांच्या त्रिकोणांवरून हेच केलं आणि तिथल्या भूकवचाची जाडी काढली.

यात एक खोच आहे. पहिल्या यंत्रावरचं शिखर दुसऱ्या यंत्रावर नेमकं कोणतं? सगळी शिखरं सारखीच दिसतात. एक शिखर चुकलं की पूर्ण एका आवर्तनाची गफलत होते आणि वेग भलताच निघतो. सुटका लांब लहरींकडून होते. १०० सेकंदांच्या लहरीत एका शिखराची चूक केली तर वेग इतका अशक्य येतो की चूक लगेच कळते. म्हणून तिथून सुरुवात करायची आणि वक्ररेषा तुटू न देता आखूड लहरींकडे उतरत यायचं.

वक्ररेषा हातात आली तरी तो अजून पृथ्वीचा छेद नव्हे. इथे उलटा प्रवास करावा लागतो. आधी एक अंदाज बांधायचा: अमुक जाडीचं भूकवच, अमुक वेग, खाली प्रावरण. अशा थरांमधून लहरी गेल्या तर वक्ररेषा कशी येईल ते गणिताने काढायचं. हे गणित थॉमसन आणि हॅस्केल यांनी १९५० आणि १९५३ मध्ये सुटसुटीत करून दिलं. ती रेषा मोजलेल्या रेषेशी ताडायची, अंदाज बदलायचा, पुन्हा ताडायची. अडचण अशी की जुळणारं उत्तर एकच नसतं. जाड पण जलद भूकवच आणि थोडं पातळ पण मंद भूकवच जवळपास सारखीच वक्ररेषा देऊ शकतात. मोहोसारखी तीक्ष्ण सीमा भूपृष्ठ लहरींना पुसट, काही किलोमीटरांत पसरलेली दिसते, कारण प्रत्येक लहर एका जाड पट्ट्याची सरासरी घेते. म्हणून आता दुसरी एक पद्धत जोडीला घेतात. मोहोवर पी लहरीचा काही भाग एस लहरीत बदलतो, आणि त्या दोघींच्या आगमनातल्या फरकावरून सीमेची खोली नेमकी काढता येते. सीमा कुठे आहे ते ही पद्धत सांगते, आणि वरच्या-खालच्या खडकांचा वेग किती ते भूपृष्ठ लहरी सांगतात. दोन्ही मिळून जे उत्तर येतं त्यावर विश्वास टाकता येतो. एकट्या भूपृष्ठ लहरींवरून कोणी मोहोची खोली दशांश चिन्हापर्यंत सांगितली, तर त्या दशांशाकडे दुर्लक्ष करावं.

या लहरींनी काय काय दाखवलं? तिबेटच्या पठारावरून जाणाऱ्या लहरी ३०-४० सेकंदांच्या असूनही कमालीच्या मंद असतात. कारण तिथे भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, आणि एवढ्या लांब लहरींनाही प्रावरण नीट गाठता येत नाही. कॅनडा, सायबेरिया, ऑस्ट्रेलियाचा पश्चिम भाग अशा अतिप्राचीन भूभागांखाली उलट चित्र आहे: १०० सेकंदांच्या पुढच्या लहरी तिथे सुसाट जातात. म्हणजे तिथे थंड, ताठ खडकाचं मूळ दोनशे किलोमीटर किंवा त्याहून खोल गेलेलं आहे.

माझ्या मते सगळ्यांत देखणा पुरावा प्रशांत महासागरातला आहे. सागरी पर्वतरांगेपाशी नवा सागरतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. रांगेपासून जितकं दूर जावं तितका तळ जुना. रॅले लहरींचा वेगही तसाच, तळाच्या वयाबरोबर वाढत जातो. तप्त असलेलं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या ताठ थराचा सरकणारा मोठा तुकडा, निवतं, खालून जाड होत जातं आणि लहरी जलद होतात. त्याखाली मात्र वेग पुन्हा घटतो. तिथला खडक वितळण्याच्या तापमानाच्या जवळ, मऊ आहे. या मंद थराची कल्पना गुटेनबर्ग यांनीच आधी मांडली होती. साठच्या दशकात भूपृष्ठ लहरींनी ती पक्की केली, आणि भूपट्ट कशावरून सरकतात या प्रश्नाला एक ठोस उत्तर मिळालं.

त्याच सुमाराला एक कोडं पुढे आलं. रॅले लहरींवरून काढलेला प्रावरणाचा छेद लव्ह लहरींना लागू पडेना. लव्ह लहरी अपेक्षेपेक्षा जलद येत होत्या. दोन्ही मोजमापं बरोबर होती. चुकत होतं ते गृहीतक, की खडकाचा वेग सगळ्या दिशांना सारखा असतो. वरच्या प्रावरणात ऑलिव्हिन हे खनिज मुबलक आहे. त्याच्या स्फटिकात लहरींचा वेग दिशेनुसार बदलतो. प्रावरण अतिशय सावकाश वाहतं, तेव्हा हे स्फटिक प्रवाहाच्या दिशेला रांग धरतात. आडवी हलणारी लव्ह लहर आणि उभी हलणारी रॅले लहर यांना मग तोच खडक वेगवेगळा भासतो. डोनाल्ड फोर्सिथ यांनी १९७५ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातल्या नाझ्का भूपट्टाखाली दाखवलं की रॅले लहरी भूपट्ट पसरण्याच्या दिशेत जास्त जलद जातात. म्हणजे खडक किती गरम आहे एवढंच नाही, तर तो कोणत्या दिशेने वाहिला हेही या लहरींत नोंदलेलं असतं.

एवढं सगळं भूकंपांच्या भरवशावर होतं, आणि भूकंप काही सोयीच्या जागी होत नाहीत. शिवाय आखूड लहरी लांब अंतरात विझतात, त्यामुळे भूकवचाचा बारीक नकाशा काढणं अवघडच होतं. गेल्या वीसेक वर्षांत ही अडचण बरीचशी सुटली, आणि तीही अशा नोंदींमुळे ज्या पूर्वी निरुपयोगी मानल्या जात. महासागराच्या लाटा जमिनीला सतत हलवत असतात. साधारण ५ ते २० सेकंदांची ही बारीक थरथर जगातल्या प्रत्येक संवेदनशील यंत्रावर अहोरात्र उमटते. दोन यंत्रांवरची अशी अनेक दिवसांची नोंद घ्या, एक दुसरीवर ठेवून थोडी थोडी पुढे सरकवा आणि प्रत्येक वेळी दोघी किती जुळतात ते मोजा. बहुतेक थरथर एकमेकीला छेद देऊन नाहीशी होते. पण पहिल्या यंत्राखालून जाऊन दुसऱ्याखाली पोचलेल्या लहरी प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेतात, म्हणून त्यांची जुळणी साठत जाते. शेवटी जे उरतं, ते पहिल्या यंत्राच्या जागी भूकंप झाला असता तर दुसऱ्यावर जे उमटलं असतं, जवळजवळ तेच असतं. निकोलाय शापिरो, मिशेल कांपियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अवघ्या एका महिन्याच्या अशा नोंदींवरून दक्षिण कॅलिफोर्नियाचा नकाशा काढला. गाळाने भरलेली खोरी मंद आणि पर्वतांखालचा अग्निज खडक जलद, असा तो भूगर्भाच्या नकाशाशी जुळणारा निघाला. आता यंत्रांची कोणतीही जोडी उपयोगाची ठरते. शंभर यंत्रं असतील तर जवळपास पाच हजार वाटा मिळतात.

लहान प्रमाणावर हेच तत्त्व बांधकामाच्या जागी वापरतात. जमिनीवर एका रेषेत भूश्रवणी म्हणजे जिओफोन ठेवतात, घणाने एका पोलादी पट्टीवर ठोका मारतात आणि त्यातून निघालेल्या रॅले लहरींचं अपस्करण मोजतात. सेकंदांऐवजी इथे सेकंदाचे अंश असतात आणि किलोमीटरांऐवजी मीटर. वरच्या ३० मीटरांतला एस लहरीचा सरासरी वेग त्यातून मिळतो, आणि भूकंपात ही जमीन हादरे किती वाढवेल याचा अंदाज बांधताना अभियंते तोच आकडा धरतात.

पृथ्वीबाहेर भूपृष्ठ लहरी पहिल्यांदा दिसल्या त्या मंगळावर. २४ डिसेंबर २०२१ रोजी तिथे एक उल्का आदळली आणि सुमारे १५० मीटर रुंदीचं विवर पडलं. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाचं भूकंपमापक तिथून जवळपास साडेतीन हजार किलोमीटरवर होतं. त्यावर रॅले लहरी उमटल्या, आणि कक्षेतल्या यानाने विवराचं छायाचित्र घेतल्यामुळे आघाताची नेमकी जागाही कळली. अंतर माहीत, वेळ माहीत, म्हणून एकाच यंत्रावर भागलं. तोवर मंगळाच्या कवचाबद्दल जी माहिती होती ती यानाच्या थेट खालच्या एका ठिकाणाची. या लहरींनी वाटेतल्या कवचाची सरासरी दिली, आणि ते कवच यानाखालच्या वरच्या थरांपेक्षा जलद निघालं. पुढे ४ मे २०२२ ला ४.७ तीव्रतेचा मंगळकंप झाला. त्यात रॅले आणि लव्ह दोन्ही लहरी मिळाल्या, म्हणून खडकाचा वेग दिशेनुसार बदलतो का, हा पृथ्वीवर साठच्या दशकात पडलेला प्रश्न आता मंगळाच्या कवचालाही विचारता येऊ लागला आहे.